खांब काढायचा दिवस

नानांच्या ऑफिसात एक रीत होती. इमारतीचा आराखडा पुरा झाला, सगळी गणितं जुळली, आता नकाशे ठेकेदाराकडे धाडायचे तेवढे राहिले, की नाना त्यातला एक खांब काढून टाकायचे.

खराखुरा नव्हे हो, कागदावरचा. मोठ्या टेबलावर नकाशा पसरायचा, सगळ्यांनी भोवती उभं राहायचं आणि नानांनी चष्मा पुसून नकाशावरून बोट फिरवायचं. हे फिरवणं ते मुद्दाम लांबवत. ज्यानं इमारतीचं गणित केलेलं असे त्याचा जीव टांगणीला लागलेला असे. मग बोट एका ठिपक्यावर टेकायचं. "हा गेला. आता बोला."

मग संगणकावर तो खांब पुसायचा आणि बघायचं. शेजारच्या खांबांनी नि तुळयांनी मिळून त्या गेलेल्याचा भार उचलला, तर चहा. नाही उचलला, एक मजला खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर असं करत सगळं पत्त्यांच्या बंगल्यासारखं बसलं, तर चहा नाही. पुन्हा पहिल्यापासून गणित.

"एक खांब कशानेही जाऊ शकतो," नाना म्हणत. "ट्रक धडकेल, सिलिंडर फुटेल, कुणी दीडशहाणा दुकान मोठं करायचं म्हणून हातोडा घालेल. त्याबद्दल मी कुणाला बोल लावणार नाही. पण एका खांबापायी आख्खी इमारत बसली, तर तो दोष आपला."

बोलणं सोळा आणे खरं होतं. त्यांच्या इमारतींना गावात मान होता तो काही उगाच नव्हता.

ऑफिस घराच्या तळमजल्यावर होतं. पहिल्या मजल्यावर नाना आणि सासूबाई, त्याच्यावर मुलगा आणि सून. मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा आणि त्याला पट्टी घेऊनसुद्धा सरळ रेघ मारता येत नसे. सून मात्र इंजिनिअर. "पोरगा हातचा गेला, पण त्यानं सून आणली ती कामाची," असं नाना चारचौघांत सांगत, आणि तो भूगोलवाला गालातल्या गालात हसत असे. त्याला त्याचं काही वाटत नसे. बापाच्या टेबलाशी आपल्याऐवजी कुणीतरी उभं राहिलं याचाच त्याला आनंद होता.

सुनेनं केलेली पहिली इमारत खांब काढताच आडवी झाली होती. ती बाथरूममध्ये जाऊन रडली होती. बाहेर आली तर टेबलावर चहाचा कप होता. नियम मोडून नानांनी पाठवलेला. त्यानंतर तिची एकही इमारत पडली नाही, आणि खोटं कशाला बोला, तिला त्याचा चांगलाच गर्व होता.

आता मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं होतं. वसतिगृह जुनंच, म्हणजे याच ऑफिसनं बांधवलेलं आणि याच सुनेनं गणित केलेलं. मुली त्यात राहतही होत्या. खोल्या पुरेनात म्हणून वर आणखी एक मजला चढवायचा होता आणि तिथल्या रेक्टरबाई रोज फोन करत होत्या. मजला वाढला म्हणजे गणित नवं, आणि गणित नवं म्हणजे खांब काढणं आलंच.

पण नेमकं तेव्हाच नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, वाचायचं नाही, वाकायचं नाही, जिना उतरायचा नाही. नाना वरूनच ओरडले, "माझ्यासाठी अडून बसू नका! खांब काढा आणि काय झालं ते सांगा!"

काढा, पण काढणार कोण? ज्यानं गणित केलं त्यानं स्वतःच खांब निवडायचा नाही, हा दुसरा नियम. ऑफिसात माणसं मोजकी आणि या कामात सगळ्यांचेच हात लागलेले. नकाशे काढणारा एक जाड भिंगाचा माणूस होता, त्याला सगळे भिंगवाले म्हणत. त्यानं तोंड वाकडं केलं. "ताई, आपणच आपला पेपर तपासायचा म्हणजे काय?"

तेवढ्यात सासूबाई रिकामी बाटली घेऊन, नानांचं औषध संपलं म्हणून सांगायला खाली आल्या. सुनेला एकदम सुचलं. "आई, जरा इकडे या. यातला एक ठिपका सांगा, कुठलाही."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही म्हणूनच."

"वा! लग्नानंतर इतक्या वर्षांनी माझा काहीतरी उपयोग निघाला," म्हणत सासूबाई टेबलाशी आल्या. हात ओले होते ते पुसले. "हे ठिपके म्हणजे काय?"

"खांब."

"आणि हे जिन्यासारखं?"

"जिनाच तो. त्याच्या पलीकडे मुलींची जेवणाची खोली."

सासूबाईंनी नकाशा डोळ्यांजवळ आणला, लांब धरला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मग हा मेला इथं मधेच कशाला कडमडलाय? मुली ताटं घेऊन इथूनच वळणार ना? एखादीचं कपाळ फुटेल. हा काढा."

सगळे हसले. भिंगवाल्यानं हसतहसतच जिन्याजवळचा तो खांब पुसला आणि संगणकाला गणित करायला लावलं. कुणीतरी चहाचं पाणी ठेवायलाही गेलं.

पडद्यावर जिन्याशेजारच्या दोन तुळया लाल झाल्या, म्हणजे त्यांना भार पेलेना. मग वरच्या मजल्यावरच्या. मग त्यांच्या बाजूच्या. हसणं कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. काहीतरी चुकीचा आकडा गेला असेल म्हणून सुनेनं पुन्हा तपासलं. आकडे बरोबर होते. मग तिनं नवीन मजला काढून टाकला आणि आज उभी आहे तशी इमारत घेतली, जिच्यात या घटकेला मुली राहत होत्या. तीही बसली.

"मी काही मोडलं का गं?" सासूबाई घाबरून म्हणाल्या.

"नाही, आई. तुम्ही नाही."

त्या औषधाची बाटली तशीच हातात घेऊन वर गेल्या.

सून खुर्चीत बसून राहिली. काय झालं होतं ते तिला दिसत होतं आणि ते फार साधं होतं. तुळई दोन खांबांच्या मधे खाली वाकते, म्हणून तिथं लोखंड तळाला घालतात. खांबाच्या डोक्यावर ती उलटी ताणली जाते, म्हणून तिथं लोखंड वरच्या अंगाला. पण खांबच गेला, तर जिथं खांबाचं डोकं होतं तीच जागा आता मधली होते आणि खाली वाकायला लागते. तिथं तळाशी सलग लोखंड नसेल, तर तुळई शिवण उसवावी तशी उघडते. रस्त्याकडच्या कोपऱ्यांपाशी तिनं हे सलग लोखंड भरभक्कम घातलं होतं. जिन्याजवळ नव्हतं घातलं. शिवाय तिथं एका बाजूला जिन्याची पोकळी, दुसऱ्या बाजूला पाइपांची. हात द्यायला शेजारीही कमी.

कोपऱ्यातच का घातलं? तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर इतकं पटकन आलं की तिची तिलाच लाज वाटली. नाना कोपरा विचारतील म्हणून.

नानांचं बोट नकाशावर कितीही फिरो, शेवटी टेकायचं ते रस्त्याकडच्या कोपऱ्यावर. फार तर त्याच्या शेजारच्यावर. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. नवीन माणूस आला की भिंगवालाच त्याच्या कानात सांगायचा, कोपरा सांभाळ म्हणजे झालं. सुनेलाही पहिल्याच आठवड्यात त्यानंच सांगितलं होतं. परीक्षेला येणारे तेवढेच प्रश्न घोकून पहिला नंबर काढणाऱ्या पोरांसारखी त्यांची गत झाली होती. आणि ट्रकला, सिलिंडरला, हातोडेवाल्याला नानांची आवड थोडीच माहीत असणार?

तिनं जुनी कामं उघडली आणि प्रत्येकातला जिन्याजवळचा खांब काढला. एक इमारत तगली. दुसरी पडली. तिसरी पडली. मग तिनं संगणक बंद केला.

भिंगवाला खुर्ची ओढून जवळ बसला. "ताई, एक सांगू का? वसतिगृह आपण दुरुस्त करू. जिन्याच्या दोन्ही बाजूंनी खालून पोलादी तुळया घालता येतील. नानांना सांगायचं, तुमचा कोपरा काढला, इमारत उभी राहिली. खोटं आहे का त्यात काही? राहतेच आहे की. माणूस आत्ताच ऑपरेशनमधून उठलंय. आयुष्यभर ज्याचा तोरा मिरवला तेच त्यांच्या हातून काढून घ्यायचं म्हणजे…"

त्याच्या बोलण्यात काळजी होती, लबाडी नव्हती. म्हणूनच ते मोडायला जड गेलं. वसतिगृह गुपचूप नीट करता आलं असतं. पण बाकीच्यांचं काय? ज्यांची गणितं नानांनी स्वतः केली होती त्यांचं काय? आणि पुढच्या वेळी नाना पट्टी काढून खाली येणार, चष्मा पुसणार, बोट फिरवणार आणि पुन्हा कोपऱ्यावरच ठेवणार, तेव्हा तिनं काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?

ती जिना चढून वर गेली. ज्या माणसानं तिला हे सगळं शिकवलं, त्याला जाऊन सांगायचं होतं की तुमच्या परीक्षेतच खोट आहे. तिला खरंच रडू येत होतं.

नाना खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. "आलीस? चहा का पाठवला नाहीत अजून? पडली की काय?"

"पडली, नाना."

त्यांचा उघडा डोळा बारीक झाला. "कोपऱ्याला? तुझ्या हातून?"

"कोपरा नाही. जिन्याजवळचा."

"तो कुणी काढला?"

"आईंनी."

"हिनं?" नाना उसळलेच. "हिला काय कळतंय? खांब म्हणजे काय कपाट आहे, अडलं की सरकवलं? आणि जिन्याजवळच्या खांबाला व्हायचंय काय? ट्रक जिना चढून येणार आहे का?"

"मला नाही माहीत काय होईल ते," सून म्हणाली. आणि ती थांबली नाही. "तुम्हीच म्हणता ना, कशानेही जाऊ शकतो म्हणून? मग कुठलाही जाऊ शकतो. तुम्ही नेहमी कोपराच काढता, नाना."

"नेहमी?"

"नेहमी. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही कोपरा भक्कम करतो आणि पास होतो. मी आणखी तीन कामं बघितली. त्यातली दोन पडली."

आता नाना ओरडणार म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. ओरडणं काही आलं नाही. तिनं वर बघितलं तर नाना आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होते.

"माझा धाकटा भाऊ अपघातात गेला, एवढंच तुला माहीत असेल," ते म्हणाले.

तिनं मान हलवली. घरात त्या भावाचा विषय कुणी काढत नसे.

"मी नवीन होतो कामाला. एक इमारत होती, आमच्या साहेबांची. मीच त्याला तिथं देखरेखीवर चिकटवला होता. एक ट्रक मागं घेताना चुकला आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यावर बसला. अगदी हळू. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही. हा आत होता, पार दुसऱ्या टोकाला. एका कोपऱ्यापायी तिथपर्यंत सगळं आलं खाली." नानांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. "नकाशा समोर आला की मला तोच खांब दिसतो गं. मला वाटायचं मी निवडतोय. मी कसला निवडतोय? मी त्याच एका इमारतीला परत परत उभं करत बसलो."

सुनेला पुढे होऊन त्यांचा हात धरावासा वाटला. त्या घरात तशी पद्धत नव्हती. तिनं पेल्यात पाणी ओतून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं आणि सगळं प्यायले.

"रेक्टरबाईंना फोन लाव," मग ते म्हणाले. "तू नको बोलूस. मी बोलतो."

आणि ते बोलले. आडपडदा न ठेवता. वरचा मजला आत्ता नाही. आज काही होईल असं नाही, पण जिन्याजवळच्या खोल्या रिकाम्या करा, आम्ही खालून आधार देतो, मग पोलादी तुळया घालतो. पलीकडून रेक्टरबाईंचा आवाज चढत गेला. इतके दिवस मुलींना कशात ठेवलंत, असं त्या विचारत होत्या. नानांनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "चूक आमची आहे. माझी आहे."

सुनेनं नानांच्या तोंडून हे वाक्य आजवर ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला, आणि तिला वाटलं, भिंगवाल्याचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं का? पण क्षणभरच वाटलं.

"बाकीच्याही सगळ्या तपासायच्या," नाना म्हणाले.

"हो. कुठून सुरुवात करू?"

"पहिलीपासून. मी स्वतंत्रपणे केलेली पहिली."

"ती कुठली?"

नानांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. "तू उभी आहेस ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून घराचा नकाशा घेऊन वर आली. संगणकही उचलून आणला. सासूबाई भाजी चिरत होत्या. त्यांना हाताला धरून टेबलाशी आणून बसवलं.

"परत मी?" त्या म्हणाल्या. "काल मी बोट ठेवलं आणि घरात सुतक असल्यासारखं झालं. मी नाही बाई."

"ठेव गं," नाना म्हणाले. "नकाशा आपल्याच घराचा आहे."

"आपल्या घराचा?" सासूबाईंनी सुरी बाजूला ठेवली. "मग त्यात एवढं बघायचं काय? हा." एक क्षणही न थांबता त्यांनी बोट टेकवलं. "हा माझ्या स्वयंपाकघरातला. ओट्याकडून वळलं की कोपर आपटतं. आज सकाळी पण आपटलं."

सुनेनं खांब पुसला. नानांना पडद्याकडे बघायची परवानगी नव्हती, म्हणून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पडद्यावर स्वयंपाकघराच्या डोक्यावरच्या तुळया लाल झाल्या. त्यांच्यावर तिची स्वतःची खोली होती, जिथं तिचा नवरा आत्ता शाळेत जायला बूट घालत असणार. ती खोली स्वयंपाकघरात आली. स्वयंपाकघर ऑफिसात गेलं. त्यापुढचं तिला बघवलं नाही.

"सांग," नाना म्हणाले.

"पडतं, नाना. सगळं पडतं."

जिन्यावरून भूगोलवाल्याच्या बुटांचा आवाज आला. तो दारातून डोकावून, निघतो म्हणून, घाईघाईनं निघूनही गेला. आपल्या पायाखाली काय ठरलं याचा त्याला पत्ता नव्हता.

सासूबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नाना भिंतीला हात लावत त्यांच्या मागून गेले, आणि सून दारात उभी राहिली. ओट्याजवळ तो खांब होता. त्याला एक खिळा, खिळ्याला हात पुसायचं फडकं, आणि कोपराच्या उंचीवर रंग उडालेला एक पट्टा.

"म्हणजे इतकी वर्षं मी या मेल्याला शिव्या घातल्या," सासूबाई म्हणाल्या, "आणि सगळं घर यानं एकट्यानं धरलं होतं?"

"एकट्यानं धरायला नको होतं," नाना म्हणाले. "तीच तर माझी चूक." त्यांनी त्या रंग उडालेल्या जागेवर तळवा ठेवला. "तू कधी काही बोलली नाहीस गं या खांबाबद्दल."

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"रोज बोलत होते," त्या म्हणाल्या. "घरात आल्या दिवसापासून. तुम्ही हसायचात. म्हणायचात, तुला काय कळतंय."

नानांची मान खाली गेली. सुनेला वाटलं आपण इथं थांबू नये, पण ती दारातच राहिली. मग नानांनी चाचपडत एक स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं आणि सासूबाईंच्या पुढे ठेवलं. स्वतः खांबाला टेकून उभे राहिले.

"बस," ते म्हणाले. "या घरात तुला कुठं कुठं काय अडतं, ते सगळं सांग. पहिल्यापासून."

सासूबाईंनी आधी गॅस बंद केला. मग त्या स्टुलावर बसल्या आणि सांगायला लागल्या.